गोंगाटाच्या आतला माणूस

शिरूर काय किंवा दौंड काय, मोठ्या आवाजाचे वावडे या दोन्ही गावांना कधीच नव्हते. दौंडच्या माणसाला रात्री इंजिनाचा भोंगा ऐकू आला नाही तर उलट झोपमोड व्हायची. उसाच्या हंगामात न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कर्ण्यावर गाणी लावून रात्रभर धावत असतात. जत्रेत हलगी कडाडते, गोंधळात संबळ घुमतो, गणपतीत ताशाची तर्री कानातून थेट छातीत उतरते. या कशाबद्दल फारशी तक्रार होत नाही आणि झाली तरी दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. पण घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने मोबाईलवर ‘डेथ मेटल’ नावाचा प्रकार लावला, की आजी हातातली माळ बाजूला ठेवते आणि विचारते, या गाणाऱ्याला कुणी मारतेय का रे?

आजीचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. हा घोगरा, पोटातून आल्यासारखा आवाज ज्याने जगाच्या कानावर घातला त्या मुलाला कुणी मारत नव्हते हे खरे; पण नवव्या वर्षी त्याला एक मार बसला होता आणि तो जन्मभर पुरला. त्याचे नाव चार्ल्स मायकेल शुल्डिनर. घरचे आणि जगभरचे चाहते त्याला चक म्हणत. १३ डिसेंबर २००१ रोजी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यातून पाळी संपवून घरी येणाऱ्या एखाद्या पोराच्या कानात आजही तो गर्जत असेल, तर घरच्यांना त्याची ओळख असलेली बरी. शिवाय ही गोष्ट जितकी गिटारची, तितकीच एका आईबापाची आहे.

चकचा जन्म १३ मे १९६७ चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा. वडील माल हे ऑस्ट्रियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातले. आई जेन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या. त्यांनी ज्यू धर्म स्वीकारला होता. थोरला भाऊ फ्रँक, बहीण बेथ आणि चक हे शेंडेफळ. चक वर्षाचा असताना हे कुटुंब फ्लोरिडात राहायला गेले. सरळमार्गी, मध्यमवर्गीय घर होते. चक अभ्यासात हुशार, स्वभावाने मवाळ आणि प्राण्यांचा वेडा होता.

तो नऊ वर्षांचा असताना सोळा वर्षांचा फ्रँक मोटार अपघातात गेला.

अशा घरात पुढे काय होते ते आपल्यालाही ठाऊक आहे. मोठी माणसे मोठ्यांना सांभाळण्यात गुंततात आणि धाकट्याचे दुःख कोपऱ्यात उभे राहते. आपल्याकडे अशा मुलाला मामाच्या गावाला धाडतात, हवापालट होईल म्हणतात. शुल्डिनर दांपत्याने त्याला गिटार आणून दिली. हात कशात तरी गुंतले तर मन सावरेल, एवढाच साधा हिशेब. शिकवणी लावली, तीही शास्त्रीय पद्धतीची. पण पोराला ती बालगीते वाजवण्यात गोडी वाटेना. वर्षही पुरे व्हायच्या आत शिकवणी सुटली. इथे पुष्कळ पालक हात टेकतात आणि गिटार माळ्यावर जाते. पण काही दिवसांनी कुणाच्या तरी अंगणात घरातल्या जुन्या सामानाची विक्री चालली होती, तिथे आईवडिलांना एक इलेक्ट्रिक गिटार दिसली. ती त्यांनी घेतली. तिच्या पाठोपाठ आवाज मोठा करणारा अँप्लिफायर आला आणि मग चकने ती गिटार हातातून खाली ठेवलीच नाही.

शाळेच्या दिवशी फक्त तीन तास वाजवायचे, असा घरचा नियम होता. सुट्टीच्या दिवशी मात्र मोकळीक. नियम करणारे आईबाप आणि तीन तासांची मुभा देणारे आईबाप ही माणसे एकच होती, हे मला या घराचे मोठे वैशिष्ट्य वाटते. मुलगा खोलीत किंवा गॅरेजमध्ये बसून ‘किस’ आणि ‘आयर्न मेडन’ या बँडच्या तबकड्यांबरोबर वाजवत राही. पुढे त्याचा कान अधिक कडक, अधिक वेगवान संगीताकडे वळला. त्याच वेळी जाझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतही त्याला आवडू लागले. शाळा मात्र त्याने पुरी न करताच सोडली आणि या निर्णयाचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. चकचे नाव पुढे करून शाळा सोडू पाहणाऱ्या चिरंजीवांना हे जरूर सांगावे.

१९८३ साली, सोळाव्या वर्षी, त्याने दोन मित्रांबरोबर बँड काढला. आधीचे नाव ‘मँटस’. वर्षभरातच ते बदलून ‘डेथ’ केले. ‘डेथ’ म्हणजे मृत्यू. हे नाव ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि अजूनही पडतात. पण भावाच्या मृत्यूतून काहीतरी चांगले उभे करावे ही त्यामागची ओढ होती, असे त्याच्या बाबतीत सांगितले जाते. ज्या शब्दाने घर उद्ध्वस्त केले तोच शब्द पाटीवर लिहून त्याखाली दुकान मांडायचे, यात पोरकटपणा आहे की धैर्य? सोळा वर्षांच्या मुलात बहुधा दोन्ही असते.

त्या काळी असल्या बँडला कंपनी उभी करत नसे. मग ही मुले साध्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरत आणि कॅसेट टपालाने पाठवत. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे करत ती गाणी अमेरिकेतून युरोपात पोहोचली. प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढायची आणि तरी ऐकणारे ऐकायचे. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत बाजारपेठेतल्या दुकानात यादी देऊन कॅसेटमध्ये गाणी भरून घेतली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपण ‘निवडक भावगीते’ भरून घेत होतो, ही पोरे गर्जना भरत होती, एवढाच फरक.

मधल्या काळात चकची बरीच वणवण झाली. साथीदार टिकेनात. १९८६ च्या सुरुवातीला तो कॅनडात टोरांटोला एका बँडमध्ये सामील व्हायला गेला आणि थोड्याच दिवसांत परत आला. मग सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे ख्रिस रायफर्ट हा ड्रमवादक भेटला. या दोघांनी मिळून ‘स्क्रीम ब्लडी गोर’ ही पहिली तबकडी केली आणि ती १९८७ मध्ये आली. गाणे, गिटार, बेस गिटार, सगळे चकनेच वाजवले. या तबकडीवर या प्रकाराचा पाया घातला गेला असे जाणकार मानतात. तिच्यातले विषय म्हणजे भूतपटांतले रक्त आणि प्रेते. तिची वकिली करण्याचे कारण नाही. वीस वर्षांच्या आतल्या मुलाचे ते भयपटांचे वेड होते आणि ते त्याने स्वतःच लवकर मागे टाकले. १९८८ साली ‘लेप्रसी’ आली. महारोग्यांची सेवा पाहिलेल्या महाराष्ट्राला असले नाव खटकणारच. पण १९९० च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’पर्यंत विषय पालटले होते. व्यसनी आईच्या पोटी व्यसनाचे विष घेऊन जन्मणारे मूल, गर्भपाताचा पेच, धर्माच्या नावाखाली चालणारे ढोंग, असे रोजच्या वर्तमानपत्रातले प्रश्न त्याच्या गाण्यात आले. शब्द मात्र त्याच गर्जनेत होते, म्हणून शेजाऱ्यांना बदल कळला नाही.

एव्हाना फ्लोरिडातले टँपा शहर या संगीताची पंढरी बनले होते. ‘मॉरिसाउंड’ नावाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला दूरदूरचे बँड येत. आपल्याकडे मिरज-धारवाडकडे किराणा घराण्याने जसे मूळ धरले, तसे इथे एक घराणेच उभे राहिले. त्याचे जनकत्व लोक चकला देत आणि तो ते नाकारत असे. आपल्या आधी आणि आपल्याबरोबर इतरही होते, आपण एका बँडमधले एक वाजवणारे आहोत, अशी त्याची भूमिका असे.

हा मवाळ माणूस सोबत काम करायला मात्र सोपा नव्हता. १९९० साली युरोपचा दौरा ऐन निघायच्या वेळी त्याने सोडला. आयोजन नीट झालेले नाही असे त्याचे म्हणणे. उरलेले साथीदार त्याच्याशिवाय गेले, त्याच नावाने कार्यक्रम करून आले आणि गाण्यासाठी त्यांनी सोबतच्या मदतनिसांना उभे केले. ज्या घरात मुख्य गवईच नाही ती मैफल कशी झाली असेल याची कल्पना करावी. परत आल्यावर भांडणे, वकिलांपर्यंत गेलेली प्रकरणे आणि जुन्या साथीदारांची कायमची रजा. दोन्ही बाजूंचे ऐकले तर चकचा तापटपणाही दिसतो आणि त्याची फसगत झाल्याची भावनाही. ‘डेथ’च्या सातही तबकड्यांत वाजवणारा संच लागोपाठ दोनदा तोच कधी राहिला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पण त्या भांडणातूनच त्याची सर्वांत महत्त्वाची तबकडी जन्मली. बँड उरला नाही, तेव्हा त्याने ठरवले की आता कायमचे गडी ठेवायचे नाहीत, त्या त्या कामाला सर्वांत योग्य वादक बोलवायचे. मायामीकडचे दोन तरुण, गिटारवर पॉल मास्विडाल आणि ड्रमवर शॉन रायनर्ट, हे ‘सिनिक’ नावाच्या बँडचे. रायनर्ट तर जेमतेम विशीचा होता आणि जाझच्या तालात मुरलेला. बेस गिटारवर स्टीव्ह डिजॉर्जिओ. या चौघांनी केलेली ‘ह्यूमन’ ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. पुढे ज्याला ‘टेक्निकल डेथ मेटल’ म्हणू लागले, म्हणजे ज्यात गर्जनेइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व तालाच्या हिशेबाला आणि बोटांच्या तयारीला आहे, त्याची ही एक आरंभीची खूण मानली जाते.

‘ह्यूमन’ ऐकायची कशी? आठ गाणी आहेत, सगळी मिळून चौतीस मिनिटांची. दौंडहून पुण्याकडे सुटणाऱ्या शटलमध्ये बसल्यावर लावली तर पाटस, कडेठाण मागे टाकून केडगाव-यवतच्या आसपास ती संपेल. सुरुवात ड्रमने होते. आवाज दुरून येतो, शेताच्या पलीकडून येणाऱ्या ताशासारखा, हळूहळू जवळ येतो आणि मग सगळे एकदम अंगावर कोसळते. इथे बहुतेक लोक बंद करतात. करू नये. पहिल्यांदा ऐकताना गाणाऱ्याकडे साफ दुर्लक्ष करावे आणि फक्त ड्रमकडे कान द्यावा. दोन्ही पायांनी दोन वेगळे ठोके चाललेले असतात, वर हात झांजांवर नाजूक काम करत असतात. ज्याने तबल्याची साथ लक्ष देऊन ऐकली आहे त्याला कळेल की हा माणूस आदळआपट करत नाही, मोजतो आहे. चालत्या लयीत मध्येच सात मात्रांचे वळण येते, समेची वाट पाहावी तर ती अर्धी मात्रा आधीच येऊन गेलेली असते. गिटारचा एक तुकडा चार वेळा येईल असे वाटते, तो तीनदाच येतो आणि गाडी सांधा बदलून दुसऱ्या रुळावर जाते. दौंडकरांना सांधा बदलताना डब्याला बसणारा हिसका माहीत आहे. तोच हा हिसका.

दुसऱ्यांदा ऐकताना गिटार ऐकावी. चकच्या एकल वादनात एक चीज अशी आहे की जी या प्रकारातल्या इतरांत सहसा सापडत नाही: त्यात सुरावट असते, गुणगुणता येईल अशी. एवढ्या कडकडाटात मध्येच एक लांब, करुण सूर उठतो आणि तो खरा चक. सातवा तुकडा गाण्याशिवायचा, निव्वळ वाद्यांचा आहे. मध्यात सगळे पातळ होते, अवकाशात तरंगल्यासारखे. आजीला ऐकवायचेच असेल तर तो ऐकवावा. एक उणीवही सांगतो. या तबकडीत डिजॉर्जिओची बेस गिटार मागे दबून गेली आहे. २०११ साली जिम मॉरिस यांनी नव्याने मिश्रण केलेली आवृत्ती निघाली, तीत ती पुष्कळ मोकळी झाली.

आणि विषय? जन्मतःच शरीराने जोडलेल्या जुळ्यांचे जगणे. दृष्टी नसलेल्याची स्वप्ने. मरणाची सुटका मागणारा रुग्ण आणि त्याला ती नाकारणारे इतर. भुतेखेते कुठेच नाहीत. मुलाला त्या गर्जनेतले शब्द लिहून दाखवायला सांगा. पुष्कळ पालक चकित होतील. या तबकडीच्या वेळीच चकने बँडच्या नावाची अक्षरेही सुधारली. आधी त्यातल्या एका अक्षराचा आकार उलट्या क्रुसासारखा होता, तो त्याने सरळ केला. धर्माच्या बाजूने किंवा विरोधात, कुठलाच झेंडा त्याला संगीतावर नको होता. सैतानाची पूजा वगैरे प्रकारांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याला मांजरे, कुत्री, बागकाम आणि स्वयंपाक आवडे. मांजरीच्या पिलांचे चित्र असलेला सदरा घालून हा ‘मृत्यू’ व्यासपीठावर उभा राहिल्याची छायाचित्रे आहेत. या संगीताच्या काळ्या कपड्यांच्या पंथात हे किती धाडसाचे होते ते त्या पंथातले लोकच जाणोत.

आता त्या आवाजाबद्दल. पुष्कळांना वाटते की घसा फाडून ओरडले की झाले. आपल्या घशात जे स्वरतंतू असतात त्यांच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना ती कामी येत नाही. ती थरथरवली की हा खर्जाहून खालचा, खरखरीत आवाज निघतो. तिबेटी लामांच्या मंत्रपठणातला तो खोल घुमारा याच घड्यांच्या मदतीने येतो असे सांगितले तर कुणी दचकणार नाही; तिथे आपण हात जोडतो. पोटातून श्वास घेऊन, सावकाश शिकून केले तर हे जमते. नुसते ओरडले तर आठ दिवसांत आवाज बसतो. चकचा आवाज वर्षागणिक वरच्या पट्टीत सरकत गेला, अधिक किंचाळल्यासारखा झाला, आणि त्या गायकीचा त्याला कंटाळाही येऊ लागला.

१९९३ साली ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ आली, १९९५ साली ‘सिंबॉलिक’. ड्रमवर आता जीन होगलान हा धिप्पाड पण घड्याळासारखा नेमका वादक होता. ‘सिंबॉलिक’ ही मला सर्वांत माणसाळलेली वाटते. बालपण हरवल्याची हुरहुर तीत आहे. ज्याचे बालपण नवव्या वर्षी मोडले त्याने ती हुरहुर अठ्ठाविसाव्या वर्षी गाण्यात आणावी, यात मला तरी योगायोग दिसत नाही. तोवर दूरचित्रवाणीवर त्याची गाणी दिसू लागली होती, जपान-युरोपात दौरे होत होते. पैसा म्हणाल तर बेताचाच. या संगीतात नाव मोठे होते, घर मोठे होत नाही.

‘सिंबॉलिक’नंतर त्याने ‘डेथ’ थांबवला. त्याला ‘कंट्रोल डिनाइड’ नावाचा नवा बँड करायचा होता, ज्यात तो फक्त गिटार वाजवणार होता आणि गाण्यासाठी मोकळ्या, सुरेल गळ्याचा दुसरा गायक असणार होता. कंपनीने अट घातली: आधी ‘डेथ’ची आणखी एक तबकडी द्या. अशी १९९८ साली ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’ आली. पर्सिव्हिअरन्स म्हणजे चिकाटी. त्यात ‘व्हॉइस ऑफ द सोल’ नावाचा एक तुकडा आहे. ड्रम नाहीत, गर्जना नाही. खाली साधी लाकडी गिटार आणि वर इलेक्ट्रिक गिटारचा विलाप. हे संगीत ज्यांना मुळीच सोसत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. १९९९ मध्ये ‘कंट्रोल डिनाइड’ची पहिली तबकडी आली, टिम आयमार यांच्या गळ्यातून. तिचे नाव ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’, म्हणजे जगण्याची नाजूक कला.

त्याच वर्षी चकची मान दुखू लागली. एखादी शीर दबली असेल, स्नायू आखडला असेल, असेच सगळ्यांना वाटले. गिटारवाल्याची मान दुखायचीच. तपासण्या झाल्या आणि १३ मे १९९९ रोजी, नेमक्या बत्तिसाव्या वाढदिवशी, निदान हाती आले. मेंदूच्या खालच्या देठात, ज्याला डॉक्टर पॉन्स म्हणतात तिथे, गाठ होती. श्वास, गिळणे, चेहऱ्याच्या हालचाली यांच्या तारा ज्या चिंचोळ्या जागेतून जातात तीच ही जागा. ताबडतोब किरणोपचार सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये घरच्यांनी कळवले की गाठ मेली आहे, तो सावरतो आहे. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया करून गाठीचा जवळजवळ निम्मा भाग काढण्यात आला.

इथे या गोष्टीत एक पात्र येते, जे आपल्या घरांतही हल्ली सारखे येते: विमा. चककडे आधी आरोग्य विमा नव्हता. नंतर त्याने तो काढला होता. कंपनीने सांगितले की गाठ विमा काढण्याआधीपासून होती, म्हणून पैसे मिळणार नाहीत. पूर्वीचा आजार हे कलम ज्याने दवाखान्याच्या काउंटरवर उभे राहून वाचले आहे त्याला यापुढचे सांगायला नको. खर्चाचा आकडा या घराच्या आवाक्याबाहेरचा होता. प्रकृती पाहून रुग्णालयाने शस्त्रक्रिया अडवून धरली नाही, पण बिल तर उभेच होते. जेन शुल्डिनर यांनी चाहत्यांना हाक दिली.

ती हाक ऐकणारे कोण? तेच काळ्या कपड्यांतले, लांब केसांचे, शेजारी ज्यांना पाहून मुलांना आत बोलवतात ते लोक. त्यांनी गावोगावी मदतीचे कार्यक्रम केले, पाच-दहा डॉलरची पाकिटे पाठवली. ज्यांच्या संगीताशी चकचा काहीही संबंध नव्हता अशा बड्या बँडनीही आपल्या वस्तू लिलावाला दिल्या. सगळा खर्च त्यातून भागला नाही, पण त्या काळात एका आईला टपालाच्या पेटीत रोज काहीतरी सापडत होते.

शस्त्रक्रियेनंतर चक पुन्हा गिटारकडे वळला. ‘कंट्रोल डिनाइड’च्या दुसऱ्या तबकडीचे काम सुरू झाले. मे २००१ मध्ये गाठ परत आली. यावेळी पुन्हा पैशाची धावाधाव, पुन्हा मदतीचे आवाहन. औषधांनी अंगातली ताकद घेतली. शरद ऋतू संपता संपता त्याला न्यूमोनिया झाला आणि १३ डिसेंबर २००१ रोजी दुपारी चारच्या सुमारास तो गेला. दुसरा मुलगाही आईवडिलांच्या डोळ्यांसमोर गेला.

तोवर त्याची गर्जना कुठवर पोहोचली होती? मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला होता आणि तिथल्या गर्दीत कठीण संगीताचे वेड असणारी पोरे तयार होत होती. २००० साली मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ उभा राहिला, २००७ साली ‘गटस्लिट’. हा दुसरा बँड पुढे युरोपात वाजवून आला. आपल्या भागात असा बँड नसेल, पण ऐकणाऱ्याला आता बँड गावात असावा लागत नाही. पूर्वी कॅसेट भरून यायला महिना लागे, आता घोड नदीच्या पुलावर उभ्या असलेल्या बसमध्ये ती चौतीस मिनिटे एका बोटाने सुरू होतात.

जेन शुल्डिनर पुढेही मुलाच्या चाहत्यांशी पत्रांतून बोलत राहिल्या. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली पोरे त्यांना लिहीत. कुणाचा भाऊ गेलेला असे, कुणाचे घर मोडलेले असे, आणि ‘डेथ’च्या तबकड्यांनी त्या दिवसांत आपल्याला सांभाळले असे सांगणारी ती पत्रे असत.

दुसऱ्या तबकडीचे नाव ठरलेले होते: ‘व्हेन मॅन अँड मशीन कोलाइड’, माणूस आणि यंत्र एकमेकांवर आदळतात तेव्हा. तिच्यासाठी चकने गिटार वाजवून ठेवली होती. तिच्या कच्च्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे २००४ मध्ये ‘झीरो टॉलरन्स’ या नावाने बाहेर आले. त्यांत गाणे नाही. गायकासाठी सोडलेल्या जागा तशाच मोकळ्या आहेत आणि गिटार त्यांच्या कडेने चालत राहते.